आळ सोन्यावर

मुकुंदराज-दासोपंतांच्या अंबाजोगाईत बोलायला मिळतंय.

अध्यक्ष म्हणून प्रघाताप्रमाणे मी नॅनोकणांच्या क्षेत्राचा आढावा घ्यायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जिरॅनियमच्या आणि गवती चहाच्या पाल्यातून सोन्याचे नॅनोकण घडवले गेले, चिटोसानच्या वेष्टणावर इन्शुलिन चढवून पाहिलं गेलं, हे सगळं टिपणात आहे. टिपण तुमच्या पिशवीत आहे, घरी वाचा. आज मला भांडायचंय.

'सोन्याचे नॅनोकण फुफ्फुसाच्या पेशींना सुरक्षित आहेत का?' हा प्रश्नच चुकीचा आहे, असं मी कित्येक वर्षं म्हणतोय. पेशीला सोनं दिसतच नाही, दिसतं ते कणावरचं वेष्टण. आमच्या आईला हे कळत होतं. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवायचं तर ती आधी कल्हई पाहायची. कल्हई उडालेली असली की ताक कळकायचं. कल्हईवाला नवसागर टाकून कथिल फिरवायचा, आणि ताक लागायचं ते कथिलाला.

माझ्या एका विद्यार्थिनीनं सोन्याच्या नॅनोकांड्या फुफ्फुसाच्या ए५४९ पेशींवर घातल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मेलेल्या. प्रबंधाचं शीर्षकही ठरलं होतं, 'सोनं फुफ्फुसाला घातक'. मी म्हटलं, थांब. द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, सोनं तळाशी बसू दे, वरचं निवळ पाणी तेवढं नव्या पेशींवर घाल. सकाळी त्याही मेलेल्या! पाण्यात उरलं होतं सीटीएबी नावाचं रसायन. कांड्या वाढवायच्या नेहमीच्या पद्धतीत ते लागतंच, आणि ते कोण, तर जखमा धुवायच्या सेट्रिमाइडचं सख्खं भावंड. जंतूंची आवरणं फाडणारं रसायन पेशींना का सोडेल? आळ मात्र सोन्यावर. यावरचा निबंध आम्ही एका नियतकालिकाला पाठवला. 'निवळ पाण्याची तुलना अनावश्यक' असा शेरा घेऊन तो परत आला. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

कालच्या सत्रात आकाराचा वाद रंगला. २००७ साली जर्मनीत १.४ नॅनोमीटरचे कण पेशींना घातक ठरले आणि १५ नॅनोमीटरचे ठरले नाहीत. मान्य. पण त्या संशोधकांनी वेष्टण एकाच कुळातलं ठेवलं होतं, म्हणून तर आकाराबद्दल बोलायचा अधिकार त्यांना मिळाला. तुम्ही आकारही बदलता, वेष्टणही बदलता आणि निष्कर्ष आकाराच्या नावावर मांडता.

'सुरक्षित' म्हणणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. पीईजीचं वेष्टण चढवलं, पेशी चोवीस तास जगल्या, प्रमाणपत्र सोन्याला! शिवाय किती पेशी जगल्या हे पाहायला तुम्ही एमटीटी चाचणीचा जांभळा रंग मोजता, तेव्हा पेशींत अडकलेलं सोनं स्वतः लाल असतं, ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. जांभळं किती आणि लाल किती, ते वेगळं केलंत का? मीही एकदा याच लाल रंगाच्या जोरावर मेलेल्या पेशी जिवंत दाखवल्या होत्या. आठवलं की अजून लाज वाटते.

आणि ए५४९ म्हणजे तरी काय? अमेरिकेतल्या एका माणसाच्या फुफ्फुसातल्या गाठीपासून १९७२ साली निघालेला पेशींचा वंश. ऊसतोडीला गेलेल्या, कोपीत ओल्या काटक्यांच्या धुरात भाकरी थापणाऱ्या आपल्या बाईचं फुफ्फुस प्रयोगाच्या बशीत कधी आलंय? परळीच्या वीजकेंद्राची राख आयुष्यभर हुंगलेल्या माणसाचं? श्वासनळीतला कफ, वायुकोशातलं स्निग्ध आवरण, रक्तातली प्रथिनं कणावर दुसरी कल्हई चढवतात. ती कुणी खरवडून पाहिली? हे काम आपल्या जिल्ह्यात व्हायला हवं. कसं, कुणी, कुठल्या पैशानं, त्याचा आराखडा करायचाय, कार्यकारिणीशी बोलेन.

उद्या दुपारी पोस्टरची फेरी आहे. मी प्रत्येक पोस्टरपाशी येणार आहे. सोन्याबद्दल काही विचारणार नाही. विचारणार एवढंच, की वरच्या पाण्याचं काय झालं?