विकास मोजायचा कसा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



परवा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला विचारले, "सर, आपल्या दारात विमानतळ आला. माझ्या मुलाला त्याचा काय उपयोग?" मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून तोच प्रश्न आज आपणापुढे ठेवतो.

पनवेलला नगरपालिका झाली १८५२ साली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली व नव्या शहरासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली.

ही झाली कामांची यादी. पण शिक्षकाने किती तास घेतले यावरून निकाल ठरत नाही. मुलांना काय आले यावरून ठरतो. विकासाचेही तसेच आहे.

जमिनीचा भाव वाढला म्हणजे घर सुधारले, असे नाही. मोबदला एकदाच हाती येतो. त्यातून दुकान उभे राहिले, मुलगी पदवीधर झाली, तर तो टिकला. गाडी आणि लग्नातील थाटमाट यांतच गेला, तर जमीनही गेली आणि पैसाही गेला.

विद्यार्थ्यांनो, आता एक साधे गणित करा. समजा, शंभर तरुणांना प्रशिक्षण दिले आणि साठ जणांना काम मिळाले. यश साठचे का? त्यांतील चाळीस जणांना प्रशिक्षणाशिवायही काम मिळाले असते, तर त्या योजनेचे खरे फळ वीसच. शिवाय वर्षानंतर त्यांतले किती कामावर राहिले, पगार किती, काम कायम की कंत्राटी, हेही विचारलेच पाहिजे.

१९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्यात देशाची प्रगती केवळ उत्पन्नावरून न मोजता आयुर्मान आणि शिक्षण यांचाही हिशेब धरला गेला. जी मोजपट्टी देशाला लागू पडते, ती आपल्या मोहल्ल्याला का लागू पडू नये?

माझी संस्थेला नम्र सूचना आहे. दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीची एक नोंदवही ठेवावी. पुढे शिक्षण कोणते, ते मध्येच सुटले का व कशामुळे, आज काम काय, हे दरवर्षी लिहावे. मुलींचे रकाने रिकामे राहू देऊ नयेत. पाच वर्षांनी ही वहीच आपल्याला सांगेल की बंदर आणि विमानतळ यांचा लाभ आपल्या घरापर्यंत पोहोचला की नाही. नसेल पोहोचला, तर कोणते शिक्षण कमी पडले आणि कोणाच्या दारी मागणी करायची, हेही तीच सांगेल.

पालकांनो, आपण फक्त खरी माहिती द्या. वही लिहिण्याचे काम आम्ही शिक्षक करू. त्या वडिलांना पुढच्या वर्षी मला उत्तर द्यायचे आहे.