सांगणारा कोण?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात माहितीची देवाणघेवाण किती बदलली हे पाहायचं असेल, तर खरिपात लोहारा, उमरगा, कळंब, कुठल्याही सोयाबीनच्या रानात जा. पूर्वी पीक पाहणी म्हणजे तलाठ्याचं काम. सातबाऱ्यावर काय चढलं ते शेतकऱ्याला कर्जाच्या नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी कळायचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईल ॲपवरून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद खातेदाराच्या हातात आली. गट नंबर निवडायचा, पीक आणि पेरणीची तारीख टाकायची, रानात उभं राहून फोटो काढायचा. जागेचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जातात. रेंज नसली की माणूस बांधाबांधानं फिरतो.

ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी घरातली कॉलेजला जाणारी मुलगी पुढं होते. एका फोनवरून अनेकांची नोंद करता येते, म्हणून चुलत्याचं, शेजाऱ्याचंही तीच भरून देते. जिला शेताच्या कागदांत कुणी कधी विचारलं नव्हतं, तिला आज भावकीतले गट नंबर तोंडपाठ आहेत. इंटरनेटनं गावात जे काही आणलं, त्यात मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात मोबाईलवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

ती मर्यादा हवीच होती, पण पुरेशी नाही. स्वतःच्या रानातलं सोयाबीन नोंदवायला शेतकऱ्याकडून नाव, गट, फोटो, ठिकाण सगळं मागितलं जातं. चूक झाली तर दुरुस्तीला ४८ तास मिळतात. आणि परक्या माणसाला चोर ठरवणाऱ्या मेसेजला ना नाव, ना गाव, ना तारीख! दवंडी देणारा कोतवाल निदान सगळ्यांच्या ओळखीचा असायचा. खोटं निघालं तर लोक त्याला पारावर गाठून जाब विचारायचे. पुढं ढकललेल्या मेसेजचा जाब कुणाला विचारणार?

म्हणून माझी मागणी गावोगावच्या ग्रुप-ॲडमिनकडे आहे. बातमी टाकणाऱ्याला विचारा: तू पाहिलंस का, कुठं, कधी? उत्तर नसेल तर मेसेज तिथंच काढून टाका. आणि बाजारात नवखा माणूस दिसला, तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. आधी त्याच्याशी बोला, त्याचं गाव विचारा. तरीही शंका राहिली, तर पोलीस पाटलाला बोलवा आणि तो येईपर्यंत त्या माणसाजवळ उभे राहा.