शेजारी कोण?



सभेच्या अध्यक्षानं आधी आपली अपात्रता सांगायची, अशी रीत आहे. माझी खरीखुरी आहे. बिनतारी जाळ्यांवर इतकी वर्षं काम करूनही उसात उभा केलेला सेन्सरचा नोड सप्टेंबरात बोलता ठेवणं मला जमलेलं नाही. आज त्याबद्दलच बोलतो.

ढोकीला महाराष्ट्र तेरणा कारखान्यामुळे ओळखतो. मला मात्र ढोकी म्हटलं की रात्रीचं दारं धरणं आठवतं. थ्री-फेज वीज रात्री यायची. एक जण मोटरीपाशी, दुसरा खोरं घेऊन पाटावर, तिसरा बॅटरी घेऊन सरीच्या टोकाला. पाणी टोकाला पोचलं की तिसरा ओरडतो, “आलं!” पाटावरचा ते दार बांधतो, पुढचं फोडतो. मोटर बंद पडून पाणी तुटलं, तर तोच मोटरीकडे हाक देतो. अख्ख्या शेताचा हिशेब त्या रात्री कुणाच्याच डोक्यात नसतो. ज्यानं त्यानं आपल्या अलीकडच्याचं आणि पलीकडच्याचं ऐकायचं. सकाळी रान भिजलेलं असतं.

लोकलाइज्ड अल्गोरिदम म्हणतात ते हेच. नोडनं फक्त आपल्या रेंजमधल्या शेजाऱ्यांचं ऐकायचं आणि आपला निर्णय आपण घ्यायचा. 1999 साली डेबोरा एस्ट्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेन्सरच्या जाळ्यांसाठी हा आग्रह धरला. कारण रोकडं होतं: बॅटरी. रेडिओवरून एक बिट पाठवायला जेवढी वीज जाते, तेवढ्यात प्रोसेसरच्या हजारो सूचना उरकतात. थोडक्यात, विचार स्वस्त, बोलणं महाग. (सभा-संमेलनांत नेमकं उलटं असतं, ते सोडा.)

तरी आपण करतो काय? मातीतला ओलावा मोजतो, तो दूरच्या सर्व्हरला कळवतो आणि सेन्सरपासून चाळीस फुटांवरचा व्हॉल्व्ह उघडायचा की नाही, हे त्या सर्व्हरला विचारतो. मोबाइलची रेंज गेली की ऊस तहानलेला आणि आलेख कोरा.

आता रीत ठरली, पण अडचण पुढेच आहे. निरोप टप्प्याटप्प्यानं न्यायची सोपी युक्ती अशी, की जो शेजारी मुक्कामाला सर्वांत जवळ त्याच्या हाती निरोप द्यायचा. मध्ये शेततळं आलं की ही युक्ती काठावर अडते, कारण पुढे जवळचा शेजारीच नसतो. यावर बोस, मोरिन, स्टोयमेनोविच आणि उरुतिया या चौघांनी 1999 साली तोडगा दिला. अंधाऱ्या वाड्यात भिंतीला उजवा हात लावून चालत राहावं, तसं त्या पोकळीच्या कडेकडेनं फिरायचं. मुक्कामाच्या जवळ नेणारी वाट सापडली की पुन्हा सरळ निघायचं. जाळं जोडलेलं असेल तर निरोप पोचतोच, हे त्यांनी सिद्ध केलं. कुठल्याही नोडला सगळा नकाशा ठाऊक नसताना! मला ही सिद्धता आजही देखणी वाटते.

पण तिच्या पायात एक गृहीतक आहे: प्रत्येक नोडची रेंज सारख्या मापाचं नेटकं वर्तुळ असते. आमचा सुरू हंगामाचा ऊस. लावण झाली तेव्हा नोड चार फुटी काठीवर बसवले, तेव्हा ते वर्तुळ खरंच होतं. चौथ्या बांधावरून उत्तर यायचं. सप्टेंबरात ऊस दोन पुरुष उंच झाला. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत जिरतात. शेजारच्या सरीतला नोड मुका झाला आणि मधल्या वाटेच्या फटीतून पार पलीकडच्या टोकाचा ऐकू यायला लागला. अशा फाटक्या वर्तुळात उजव्या हातानं चालणारा निरोप त्याच त्या चार नोडांत गोल फिरत राहतो. आमचा फिरला. सगळ्यांच्या बॅटऱ्या खाऊन थांबला.

कुणी म्हणेल, नाशिकला सुलाच्या द्राक्षबागेत आयआयटी मुंबईच्या उदय देसाई यांच्या गटानं ‘ॲग्रीसेन्स’ हे जाळं उभं केलं होतं. पण द्राक्षवेल मांडवावर असते, तिची छाटणी होते. ऊस भिंतीसारखा वाढतो आणि तोडीपर्यंत वाढतच राहतो. 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गेलो तर पानांचा त्रास कमी होतो. पण रेंज म्हणजे वर्तुळ नव्हे, हे तिथंही खरंच.

दुसरी गोष्ट ढोकीशेजारच्या तेरची. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा तुम्हाला माहीत आहे. आपणही बिघडलेला सेन्सर असाच शोधतो: शेजाऱ्यांपेक्षा ज्याचा आकडा वेगळा, तो कच्चा. एकदा आमच्या जाळ्यानं एका नोडला असं बाद केलं. त्याचा ओलावा एकट्याचाच भलताच चढला होता. चार दिवसांनी पाहिलं तर तिथं ठिबकची नळी उंदरानं कुरतडली होती. सगळ्यांत खरं तोच बोलत होता. गोरोबाकाकांनी निदान प्रत्येक मडकं स्वतः थापटलं होतं, मडक्यांचं मतदान घेतलं नव्हतं.

दुपारच्या सत्रात निबंध वाचले जातील. आलेख सुंदर आहेत, मी काल रात्री पाहिले. निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: तुमच्या नोडचे शेजारी तुम्ही कोणत्या महिन्यात मोजले?