सभासदाचा जीव कशात गुंततो?

(कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



सभासदाचा संघटनेवर जीव कशाने जडतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. इंटरनेटवर जमलेल्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या समुदायांनी मात्र तो नव्याने उभा केला आहे. त्यांपैकी एकाचा अनुभव मी आपल्यापुढे ठेवतो.

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. तेथील लेखक स्वेच्छेने, विनामोबदला लिहितात. आरंभी त्याचा खर्च एक खासगी कंपनी करीत असे. फेब्रुवारी २००२ मध्ये, पुढे जाहिराती घ्याव्या लागतील, असे संयोजक लॅरी सँगर यांनी सूचित केले. स्पॅनिश आवृत्तीच्या लेखकांत त्यामुळे असंतोष पसरला. आपले श्रम दुसऱ्याच्या नफ्याचे साधन व्हावेत, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्यापैकी अनेक जण वाद घालून बाहेर पडले व सेव्हिल विद्यापीठाच्या साहाय्याने त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश उभारला. विकिपीडियाने जाहिराती घेतल्या नाहीत. २००३ मध्ये तो चालविण्यासाठी ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्येच दाखविले होते की, असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. ज्याचा जीव संस्थेत गुंतलेला असतो, तो आधी भांडतो. आपण मात्र भांडणाऱ्याला फितूर समजतो आणि गप्प बसणाऱ्याला निष्ठावंत! वस्तुतः गप्प बसलेल्यांपैकी कितीतरी जण मनाने केव्हाच गेलेले असतात.

दुसरा धडा नवागतांविषयीचा. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरास पोचली आणि नंतर घसरली. दर्जा राखण्यासाठी आणलेले कडक नियम व यांत्रिक छाननी यांमुळे प्रामाणिक नवख्यांचेही लेखन परतविले जाऊ लागले आणि ते पुन्हा फिरकेनासे झाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. जुन्यांची शिस्त नव्यांना भिंतीसारखी वाटली.

आता आपल्याकडे पाहू. शाखांनी मोबाइलवर गट काढले आहेत. वरून परिपत्रके येतात, खालून हात जोडल्याची चित्रे जातात. याला सहभाग म्हणता येणार नाही. निर्णय होण्यापूर्वी त्याचा मसुदा गटापुढे ठेवा. निधीचा जमाखर्च तेथेच मांडा. नव्या सभासदाने केलेली पहिली सूचना स्वीकारा अथवा नाकारा, पण तिला कारणांसह उत्तर द्या. जेथे आपल्या शब्दाने काही बदलते असा अनुभव येतो, तेथेच माणूस 'आमची संघटना' म्हणू लागतो. पदे वा सत्कार यांनी हे साधत नाही. श्रमांची अपेक्षा करावयाची, तर निर्णयातही वाटा द्यावा लागेल. कारखान्यातील कामगारांसाठी हीच मागणी आपण करीत आलो आहोत.