कुलूप, किल्ली आणि शेजार

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असं मला कमिटीनं सांगितलं होतं. पण पाण्याच्या टँकरच्या, बंद लिफ्टच्या आणि पार्किंगच्या भांडणांच्या आठवणी आधीच्या वक्त्यांनी सांगून संपवल्या. म्हणून मी माझ्या एका छंदाविषयी बोलतो. या छंदाविषयी आपल्याकडे बरीच कुजबुज झालेली आहे. 'बी विंगमधले ते रिटायर्ड बँकवाले गॅलरीत बसून कुलपं फोडतात' ही बातमी खरी आहे. त्यात एकच दुरुस्ती करतो. मी कुलपं फोडत नाही, उघडतो.

सुरुवात सहा वर्षांपूर्वी झाली. सकाळी साडेसहाला मी दूध आणायला खाली उतरलो. वर येतो तो वाऱ्यानं दार लागलेलं. लॅच बसलं होतं. किल्ली आत, मोबाइल आत आणि आमची सौ. आत. बेल वाजवली, हाका मारल्या, उत्तर नाही. तिला मधुमेह, इन्सुलिन चालू. माझ्या पोटात गोळा आला. वॉचमननं चावीवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला दहानंतर येतो. शेवटी सी विंगमधल्या दोन मुलांनी पहारीनं दार उचकटलं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, घामानं निथळलेली. शुद्धीत होती, पण काय बोलतेय ते कळत नव्हतं. साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत ती माणसात आली आणि पहिलं वाक्य बोलली, "दाराचं काय केलंत हे?"

चौतीस वर्षं मी बँकेत काढली. त्यातली निम्मी वर्षं स्ट्राँगरूमची किल्ली माझ्या कमरेला होती. आणि स्वतःच्या घराच्या दारापुढं मी दुधाची पिशवी हातात धरून उभा! ते मनाला लागलं. ठरवलं, कुलूप म्हणजे काय ते शिकायचं.

रविवारी जुन्या बाजारात गेलो. बिनकिल्लीची कुलपं आणि जुनी लॅचेस पिशवीभर घेऊन आलो. हत्यारं घरातली. सिनेमात नायिका केसातली पिन काढते आणि कुलूप उघडतं. मीही सौ.च्या डबीतल्या पिना घेतल्या. सात-आठ वाकल्या, कुलूप तसंच. मग पेपरक्लिप झाल्या. मग मोडक्या छत्रीची काडी. शेवटी करवतीचं तुटकं पातं कानशीनं घासून आकडा केला आणि गॅरेजवाल्याकडून गाडीच्या जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी मागून आणली. ती वाकवून पीळ द्यायची पट्टी केली. एवढंच माझं भांडवल.

आता आतली गंमत सांगतो. आपल्या दारांवरच्या लॅचमध्ये एका पितळी नळकांड्यात दुसरं नळकांडं असतं. वरून पाच-सहा बारीक खिळ्या स्प्रिंगच्या दाबानं आतल्या नळकांड्यात उतरलेल्या असतात, म्हणून ते फिरत नाही. प्रत्येक खिळी दोन तुकड्यांची. किल्लीचे दाते या खिळ्या अशा उचलतात, की प्रत्येकीचा सांधा बरोबर दोन नळकांड्यांच्या मधल्या रेषेवर येतो. मग आतलं नळकांडं मोकळं फिरतं. अमेरिकेतल्या लायनस येल यानं 1861 मध्ये या कुलपाचं पेटंट घेतलं. पण लाकडी खिळ्यांची, याच तत्त्वाची कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. आपल्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला आडणा लावत, तेव्हा आत माणूस असावा लागे. किल्ली आली आणि घर रिकामं सोडून जायची सोय झाली.

किल्लीशिवाय ते उघडतं कसं? भोकं तंतोतंत एका रेषेत पाडणं कोणत्याही कारखान्याला जमत नाही. त्यामुळे नळकांड्याला हलका पीळ दिला, की सगळ्या खिळ्या एकदम अडकत नाहीत, एखादीच आधी अडकते. ती शोधायची आणि हळूच उचलायची. बोटाला 'टिक' असं जाणवतं. मग पुढची. डोळ्यांचं इथं काही काम नाही, सगळं बोटांवर. माझं पहिलं कुलूप तेविसाव्या दिवशी उघडलं. कुकरची तिसरी शिट्टी आणि माझी आरोळी एकदमच झाली. सौ. म्हणाली, "आता गॅस बंद करा."

दोन नियम मी पहिल्यापासून पाळले. कुलूप स्वतःच्या मालकीचं असावं आणि ते रोजच्या वापरातलं नसावं. तरीही तक्रारपेटीत एक निनावी चिठ्ठी आलीच, 'सभासद चोरीचं शिक्षण घेत आहेत'. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी खुलासा केला होता. तो थोडक्यात पुन्हा सांगतो.

लंडनला जोसेफ ब्रामा नावाचा कुलूपकार होता. 1790 पासून त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे. जो हे उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस, अशी पाटी. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून हॉब्ज नावाचा कुलूपकार आला. त्यानं ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. त्यावर लंडनमध्ये गहजब झाला, की अशानं चोरांना विद्या मिळेल. पण दोष कळले म्हणून तर पुढची कुलपं सुधारली. आपल्याकडेही 1897 मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तो चांगल्या कुलपाची गरज ओळखूनच.

आणि खरं सांगू का? चोराला माझ्या विद्येची गरज नाही. रिचर्ड फाइनमन हे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. अणुबाँबवर काम करताना त्यांना लॉस अॅलामॉसमध्ये तिजोऱ्या उघडायचा नाद होता. त्यांना काय आढळलं? कित्येकांनी तिजोरीचा कारखान्यातून आलेला आकडा बदललेलाच नव्हता. आपलं वेगळं काय आहे? किल्ली कुठं? बुटांच्या कपाटात, तुळशीच्या कुंडीत, नाहीतर मीटरच्या बॉक्सवर. हसू नका, मी पाहिलेल्या आहेत.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच बाई, कारण इथल्या निम्म्या मुलांना त्यांनी गणित शिकवलंय, बाथरूमपाशी पडल्या. त्यांच्या परवानगीनंच हे सांगतोय. दार बंद, आतून क्षीण हाका. कुणीतरी म्हणालं, "बँकवाल्या काकांना बोलवा." मी माझी हत्यारांची पुरचुंडी घेऊन धावलो. लपवत नाही, छाती जरा फुगली होती. इतकी वर्षं हसलात ना, आता बघा.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. बाईंचं लॅच नव्या पद्धतीचं होतं. त्यातल्या काही खिळ्यांना मुद्दाम मध्ये खाचा केलेल्या असतात. हाताला वाटतं टिक झालं, पण ते फसवं असतं. माझा हात कापायला लागला, चष्म्यावर घाम. आतून बाई मलाच धीर देत होत्या, "घाई करू नका, मी आहे." फायर ब्रिगेडला फोन झाला होता. कुणी पहार शोधत होतं.

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीतून बाईंकडे काम करणाऱ्या मावशी भिजत, धापा टाकत जिना चढून आल्या. वॉचमननं त्यांना कळवलं होतं. पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, दार उघडलं. दोन सेकंद लागली असतील. बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. वेळेवर ऑपरेशन झालं. आज त्या काठी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

मंडळी, त्याच महिन्यात आपल्या फलकावर एक सूचना लागली होती, 'सभासदांनी घरकामास येणाऱ्या महिलांकडे फ्लॅटच्या किल्ल्या देऊ नयेत.' त्या सूचनेचा मसुदा कुणाचा होता? माझा. बँकेतली सवय, भाषा कडक. नंतर दवाखान्यात मी बाईंना विचारलं, "तुम्ही नोटीस वाचली नव्हती का?" त्या म्हणाल्या, "वाचली होती. पण पडल्यावर काय करायचं, ते तिच्यात लिहिलं नव्हतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत मी काय शिकलो होतो? स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. आणि त्यांच्या डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद पाकिटात, सह्या करून, दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या. कशासाठी? उद्या मी आजारी पडलो, मेलो, तरी सकाळी दहाला बँक उघडली पाहिजे. म्हणजे ती सगळी व्यवस्था नुसत्या संशयाची नव्हती. दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, त्याचीही ती रीत होती. मी नोटीस लिहिताना त्यातला संशय तेवढा उचलला.

दुसऱ्या दिवशी ती सूचना मागं घ्यावी असं पत्र मीच कमिटीला दिलं. मावशींच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, काका. काय लिहिलं होतं?" ते त्यांना वाचून सांगणं हे उघडायला सगळ्यात अवघड कुलूप होतं.

आज बी विंगमधल्या नऊ घरांनी जादा किल्ली पाकिटात घालून, पाकिटावर सही करून दुसऱ्या घरात ठेवली आहे. कुणाकडे, ते ज्याचं त्यानं ठरवावं. शेजारी, नातेवाईक, मावशी, ज्याच्यावर तुमचा जीव निर्धास्त असेल तो. घरात दोघंच म्हातारे असतील किंवा एकटंच कुणी असेल, त्यांनी तरी आजच हे करावं. रौप्यमहोत्सवाची हीच आठवण राहू दे. आणि आत्ता मागं पंगतीची पानं मांडताहेत त्या मावशींना कमिटीनं पहिल्या पंगतीला बाईंच्या शेजारी बसवावं, ही विनंती.

छंद मी सोडलेला नाही. बाईंच्या लॅचसारखं एक आणून ठेवलंय, अजून उघडत नाही. सौ. म्हणते, तुमची परीक्षा चालू आहे.

बराच वेळ घेतला. जेवायला उठण्याआधी एकदा खिसे आणि पर्सेस चाचपून किल्ली आहे का पाहा. नसेल तर माझ्याकडे येऊ नका. शेजाऱ्याकडे जा.