अक्षरओळख आणि विवेक
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१० डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या पंचायत कायद्यातील एका दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. पंचायतीची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या सर्वसाधारण पुरुषास दहावी, स्त्रिया व अनुसूचित जातींच्या उमेदवारांस आठवी, आणि पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीस पाचवी उत्तीर्ण असण्याची अट या दुरुस्तीने घातली होती. योग्य-अयोग्य आणि बरे-वाईट यांत भेद करण्याची शक्ती माणसाला शिक्षणानेच येते, असे निकालपत्रात म्हटले गेले. राजस्थानने अशीच अट आदल्या वर्षी वटहुकुमाने आणली होती. ती २०१९ साली रद्द झाली. महाराष्ट्रातही २०१७ साली थेट निवडून द्यावयाच्या सरपंचासाठी, १९९५ साली वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवीची अट घालण्यात आली. आमदार-खासदार होण्यासाठी मात्र या देशात शाळेच्या दाखल्याची गरज नाही. शहाणपणाचा पुरावा मागितला गेला तो फक्त गावच्या पातळीवर, आणि भूमिहीन, दलित व स्त्रिया यांच्या वाट्याला तो सर्वांत जड गेला.

या अटींच्या मुळाशी एक समजूत आहे. ज्याला वाचता येते तो विचार करू शकतो, ज्याला वाचता येत नाही तो करू शकत नाही, अशी ती समजूत. ती इतकी रूढ झाली आहे की, मराठीत ‘अडाणी’ हा एकच शब्द निरक्षरालाही लावला जातो आणि निर्बुद्धालाही. पुरोगामी कार्यकर्त्याच्या तोंडूनही तो सहज निघून जातो. म्हणून या समजुतीची शास्त्रीय तपासणी करणे अगत्याचे आहे.

तिच्यावर पहिला स्पष्ट आघात करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सायमन कमिशनला साह्य करण्यासाठी मुंबई इलाख्यात नेमलेल्या समितीचे सभासद या नात्याने त्यांनी १९२९ साली आपला स्वतंत्र अहवाल सादर केला आणि प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताधिकारासाठी साक्षरतेची कसोटी लावणारे दोन चुका करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरक्षर माणूस बुद्धिहीनच असतो असे मानणे ही पहिली चूक. आणि साक्षरतेबरोबर अधिक बुद्धी वा ज्ञान आपोआप येते असे मानणे ही दुसरी. पुढच्या अर्धशतकात मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र यांनी स्वतंत्र वाटांनी जे संशोधन केले, ते याच दोन चुकांभोवती फिरते.

या अहवालानंतर दोनच वर्षांनी, १९३१ आणि १९३२ साली, सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया मध्य आशियात गेले. त्यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना प्रश्न विचारले. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात सगळी अस्वले पांढरी असतात. नोव्हाया झेम्ल्या हा द्वीपसमूह त्या प्रदेशात आहे. मग तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? अनेकांनी उत्तर देण्याचे नाकारले. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याविषयी बोलू नये, तिथे जाऊन आलेल्याला विचारावे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांत वेगळे काय, असे विचारल्यावर ओंडका बाजूला काढण्यास ते राजी नव्हते. ओंडकाच नसेल तर करवतीने कापायचे काय? उलट, थोडेबहुत शिक्षण घेतलेले व सामूहिक शेतीच्या कामकाजात पडलेले लोक अपेक्षित उत्तरे देत होते. समाजव्यवहार बदलला की विचाराची रीत बदलते, हा लुरियांचा निष्कर्ष होता. परंतु या संशोधनाने अल्पसंख्य राष्ट्रकांचा अवमान होतो अशी टीका झाली आणि संपूर्ण ग्रंथ रशियन भाषेत बाहेर पडण्यास १९७४ साल उजाडले.

त्या शेतकऱ्यांची उत्तरे पुन्हा नीट वाचली पाहिजेत. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये, हा विवेकाचाच एक नियम आहे. न्यायालयही साक्षीदाराकडून तीच अपेक्षा करते. ते तर्क करीत होते. पण परीक्षकाच्या खेळाचे नियम त्यांना मान्य नव्हते, किंवा ठाऊक नव्हते. तरीही एक प्रश्न उरतोच. लुरियांना जो फरक दिसला तो अक्षराचा होता की शाळेचा? जिथे शाळा तिथेच अक्षर, अशी स्थिती असेल तर हे दोन वेगळे करायचे कसे?

हा पेच आफ्रिकेत सुटला. लुरियांच्या हाताखाली मॉस्कोत काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया स्क्रिब्नर यांनी १९७०च्या दशकात लायबेरियातील वाई लोकांचा अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकात या लोकांनी स्वतःची लिपी घडविली. ती शाळेत शिकविली जात नाही; घरी, मित्राकडून, नातलगाकडून शिकली जाते, आणि पत्रे व हिशेब लिहिण्यास वापरली जाते. त्याच समाजात काही जण कुराणासाठी अरबी शिकतात, काही शाळेत इंग्रजी शिकतात, तर काहींना कोणतीच लिपी येत नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, केवळ लिपी आल्याने सर्वसाधारण तर्कशक्ती वाढल्याचा पुरावा मिळत नाही. शाळेत गेलेल्यांत जो फरक दिसला तो विशेषतः आपल्या उत्तराचे कारण शब्दांत मांडण्यात. वाई लिपीत पत्रे लिहिणारे अनोळखी माणसाला एखादा खेळ समजावून देण्यात निरक्षरांपेक्षा सरस ठरले. कुराण पाठ करणारे क्रमाने शब्द वाढवीत स्मरणात ठेवण्यात पुढे होते. ज्याचा सराव, त्यात गती! बाबासाहेबांनी दाखविलेल्या दुसऱ्या चुकीला प्रयोगाने दिलेले हे उत्तर होय.

भाषाशास्त्राने आणखी एक अंग उजेडात आणले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील काळ्या मुलांना भाषाच येत नाही, त्यामुळे ती शाळेत मागे पडतात, असे अनेक शिक्षणतज्ज्ञ म्हणत असत. विल्यम लबोव्ह यांनी १९६९ साली दाखवून दिले की, मोठ्या माणसासमोर एकटे बसविल्यावर एकेका शब्दात उत्तर देणारा आठ वर्षांचा मुलगा, सोबत त्याचा मित्र आणि खाऊ असला आणि विचारणारा जमिनीवर बसला की, धबधब्यासारखा बोलू लागतो. प्रमाण नसलेल्या त्याच्या बोलीला तिचे स्वतःचे काटेकोर व्याकरण असते. पहिल्या वेळचे मौन परीक्षेने निर्माण केलेले होते, बुद्धीच्या अभावाने नव्हे.

परीक्षकाच्या हाती सत्ता आली म्हणजे काय होते, हे अमेरिकेच्याच इतिहासात नमूद आहे. मिसिसिपी राज्याच्या १८९० सालच्या घटनेने मतदाराला अट घातली की, त्याने राज्यघटनेचे कलम वाचून दाखवावे, किंवा ऐकून त्याचा अर्थ समाधानकारक सांगावा. समाधान व्हायचे ते नोंदणी अधिकाऱ्याचे, आणि तो गोरा असे. अर्थ काय, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे मताची किल्ली. शिकलेल्या काळ्या माणसालाही दारातून परत पाठविता येत असे. १९६५च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतील अशा परीक्षांना लगाम घातला.

याचा अर्थ साक्षरतेला महत्त्व नाही, असा मुळीच नाही. कर्जाचा कागद, सातबाराचा उतारा, मजुरीचे हजेरीपत्रक ज्याला वाचता येत नाही, त्याची फसवणूक सोपी होते. पत्र लिहिणारा आणि कारण मांडणारा माणूस सत्तेशी अधिक ताकदीने बोलू शकतो, हेही वाई लोकांच्या अभ्यासातून निघते. म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. प्रश्न एवढाच की, शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे की अधिकाराच्या दारावरचा जकातनाका? ज्यांच्या वस्तीपर्यंत शाळा पोहोचली नाही, त्यांच्यापाशी दाखला मागणे म्हणजे कर्जबुडव्याने सावकारालाच दंड करण्यासारखे आहे. थकबाकी शासनाची आहे.

१९५१च्या जनगणनेत या देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते. त्याच सुमारास, १९५१-५२ साली, निरक्षर बहुसंख्येने चिन्हे ओळखून मते दिली आणि प्रजासत्ताक उभे केले. तिच्या विवेकावर घटनाकारांनी विश्वास टाकला तो उपकार म्हणून नव्हे.

समाजवादी कार्यकर्त्यांपुढे यातून दोन कामे येतात. शैक्षणिक अटींविरुद्धचा लढा विधिमंडळात आणि रस्त्यावर चालू ठेवणे, हे पहिले. दुसरे काम अधिक कठीण आहे: ग्रामसभेत अंदाजपत्रक मोठ्याने वाचले जावे, त्यावर निरक्षर स्त्रीला तिच्या बोलीत प्रश्न विचारता यावा, आणि तिला वाचायला शिकविण्याचे कामही त्याच गावात, त्याच संघटनेने अंगावर घ्यावे. ती गप्प बसली तर तिला अडाणी म्हणण्याआधी सभा कशी भरविली होती, हे तपासावे. टेबलापलीकडच्या खुर्चीतून उठून जमिनीवर बसण्याची तयारी कार्यकर्त्यांनी आधी दाखविली पाहिजे.