नाव झाकण्याचे दोन प्रकार

(मराठवाडा मुक्तिदिनानिमित्त भोकरदन येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. दिवसभर काउंटरवर लोकांच्या सह्या ताडून पाहणारा कारकून आहे. नाव आणि सही जुळते की नाही, यावरच माझे पोट चालते. म्हणून आज ज्यांनी आपले नाव लपवले त्या पोरांविषयी बोलावेसे वाटले.

आपले भोकरदन १९४८ पर्यंत निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. पलीकडे बुलढाणा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच, पण कारभार इंग्रजांचा आणि पुढे स्वतंत्र भारताचा. हद्दीच्या या बाजूला सभा भरवायलाही परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले, तेही उघड. शिक्षा म्हणून त्यांना कॉलेजातून काढले आणि अनेकांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. १९४७-४८ ला मात्र उघड राहून भागेना. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, करोडगिरी नाक्यांवर हल्ले होऊ लागले, आणि हद्द ओलांडणाऱ्याला ओळख झाकावीच लागली. आपल्या शेजारच्या बदनापूर भागातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेश करून घोड्यावर फिरत आणि रझाकारांशी लढत. आपल्या मुलींना झाशीची राणी पाठ असते, दगडाबाई ठाऊक नसतात. दोष मुलींचा नाही, आपण सांगितलेच नाही.

याच काळात, नोव्हेंबर १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना जाहीर पत्रकाने बजावले की निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नका, दबावाने धर्मांतर करू नका. आपल्यातले काही पुढारी निजामाच्या सरकारात होते, हेही खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तसेच पोलीस ॲक्शननंतर गरीब मुसलमानांवर जे गुदरले, ज्याची चौकशी सुंदरलाल समितीने केली, तेही मुक्तिदिनाच्या भाषणात सांगितले पाहिजे.

आता जरा लांब जाऊ. जर्मनीत म्युनिच शहरात हान्स शोल, त्याची बहीण सोफी आणि त्यांचे काही मित्र विद्यापीठात शिकत होते. १९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरविरुद्ध पत्रके निघू लागली. खाली कोणाचेच नाव नसे, वर फक्त 'पांढरा गुलाब' असे शीर्षक. टाइपरायटरवर मजकूर टंकायचा, सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर प्रती काढायच्या. पोस्टाची तिकिटे आणि पाकिटे मात्र एका ठिकाणी घ्यायची नाहीत, थोडी थोडी वेगवेगळ्या कचेऱ्यांतून घ्यायची. हे वाचताना मी काउंटरवरचा माणूस म्हणून मनातल्या मनात दाद दिली. एकदम शंभर काही मागणारा गिऱ्हाईक आमच्या नजरेत भरतोच. पत्रके दुसऱ्या गावांहून टपालात टाकत, म्हणजे म्युनिचवर संशय नको. १८ फेब्रुवारी १९४३ ला विद्यापीठाच्या इमारतीत पत्रके ठेवताना तिथल्या शिपायाने दोघा भावंडांना पाहिले आणि धरून दिले. २२ तारखेला खटला आणि त्याच दिवशी शिरच्छेद. सोफी २१ वर्षांची, हान्स २४ चा, त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट २३ चा. त्यांच्या शेवटच्या पत्रकाच्या प्रती पुढे इंग्रजांच्या विमानांनी जर्मनीवर टाकल्या.

आपल्या मुंबईत उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडल्यावर तिने तोंड उघडले नाही.

आणि ब्रह्मदेश तर बुद्धाचा देश. तिथे १९८८ साली लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी उठले. पत्रकांखाली एक नाव येई, मिन को नाईंग, म्हणजे राजांना जिंकणारा. पोलीस त्या माणसाला शोधू लागले. ते नाव मुळात टोपण होते, पण पॉ ऊ टुन नावाच्या प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला ते कायमचे चिकटले. १९८९ ला त्याला पकडले, १५ वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले, बराच काळ एकांतवासात. २००४ ला सुटला, पुन्हा पकडला, २०१२ ला पुन्हा सुटला. २०२१ ला लष्कराने परत सत्ता बळकावली तेव्हा वॉरंट निघाले आणि साठीला टेकलेला तो गृहस्थ पुन्हा भूमिगत झाला. राजवट चालवणारेही बौद्धच, विहारात दान देणारे. आपण बौद्ध म्हणवणाऱ्यांनी ही गोष्ट जरा सावकाश पचवावी.

विद्यार्थी मित्रांनो, इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्या. पुढचे ऐकायला तितके गोड नाही.

बाबासाहेबांनीही एकदा नाव झाकले होते. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा हॉटेलात जागा मिळेना, म्हणून पारशांच्या पथिकाश्रमात पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला २६ वर्षांचा विद्वान त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून होता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लिहिताना ते नाव लपवल्याचे झाकत नाहीत, हे मला त्यातले सर्वांत मोठे वाटते.

सोफीने नाव झाकले ते दुसऱ्याला सत्य कळावे म्हणून. आपण झाकतो ते खोली मिळावी म्हणून. मी बँकेत लागलो तेव्हा पहिल्या गावी घरमालकाने नाव विचारले. मी पहिले नाव सांगितले आणि आडनाव गिळले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली नाही, ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. विद्यापीठाच्या एका नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे ज्या समाजाने घरे जाळून घेतली, जीव दिले, त्याच समाजातला मी. भाड्याच्या दीड खोलीसाठी मी गप्प बसलो. अकरा महिने कुणी काठ्या घेऊन आले नाही, पण रोज रात्री जिन्यावर पाय वाजला की मी दचकून उठत असे.

तुमच्यापैकी कित्येकजण पुण्याला, संभाजीनगरला खोल्या शोधता. मला येऊन सांगता, सर, आडनाव विचारतात. मी तुम्हाला दोष देत नाही. मुलगी एकटी असेल, परीक्षा तोंडावर असेल, तर गप्प राहणे मी समजू शकतो. पण कशासाठी गप्प राहिलो याचा हिशेब आपल्या मनाच्या पासबुकात रोजच्या रोज लिहावा.

दुसऱ्या बदलीच्या गावी मी आडनाव पहिल्याच वाक्यात सांगितले. दोन ठिकाणी खोली 'आत्ताच दिली' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या घरी एका निवृत्त मास्तरांनी नुसतेच विचारले, पाणी किती वाजता लागते? चहा झाला, किल्ली मिळाली. संध्याकाळी ट्रंक उघडून तसबीर काढली. खिळा ठोकायला हातोडा नव्हता, तो मास्तरांनीच आणून दिला.

जयभीम.